अभिवचनाचा सातबारा

गेल्या पावसाळ्यात ठाण्यातल्या एका सभागृहातल्या प्रार्थनासभेला गेले होते. व्यासपीठावर क्रूसाच्या शेजारी इस्रायलचा निळा-पांढरा झेंडा लावलेला होता, आणि गीतं सुरू व्हायच्या आधी एका तरुण मुलाने शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग, फुंकलं. पाहुण्या पाळकांनी उत्पत्तीचा बारावा अध्याय उघडला, ‘तुझे जे अभीष्ट चिंतितील त्यांचे मी अभीष्ट करीन’ एवढं वाचलं आणि तिथून जे उडी मारून पश्चिम आशियातल्या युद्धावर आले ते शेवटपर्यंत परत फिरलेच नाहीत. इस्रायलच्या सरकारवर टीका करणाऱ्याच्या घरावर शाप येतो, असंही सांगून झालं. नंतर चहाच्या वेळी आमच्याच मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक सुशिक्षित गृहस्थ कप बशीवर आपटत म्हणाले, ‘‘हे सगळं अज्ञान आहे. इस्राएलचा विषय ख्रिस्तात संपला. आता मंडळी हेच इस्राएल, यहूद्यांचं त्यात काही उरलेलं नाही.’’ त्या रात्री मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जे सुरू झालं ते तीन दिवस चाललं. दोघं ग्रुप सोडून गेले, त्यातले एक आमचे खजिनदार.

मला दोन्ही पक्ष चुकलेले वाटतात, आणि एकाच जागी चुकलेले वाटतात. दोघांनीही देवाच्या अभिवचनाला जमिनीचा सातबारा समजलं आहे. एक म्हणतो, उतारा अजून जुन्याच नावावर आहे, तेव्हा ताबा त्यांचा, प्रश्न विचारू नका. दुसरा म्हणतो, दोन हजार वर्षांपूर्वीच फेरफार नोंद झाली, मूळ मालकाचं नाव कमी झालं आणि आमचं चढलं. माझं म्हणणं असं: यहूदी लोकांना दिलेलं अभिवचन देवाने मागे घेतलेलं नाही. पण ते अभिवचन म्हणजे कुठल्या आधुनिक राष्ट्राच्या हद्दीचा दाखला नाही, आणि त्या राष्ट्राच्या प्रत्येक कृतीला दिलेली आगाऊ मंजुरी तर अजिबात नाही.

आधी शब्दाचं बघू. आपल्या पवित्र शास्त्रात ‘इस्राएल’ छापतात, वर्तमानपत्रात ‘इस्रायल’. मुद्रितशोधकांनी नकळत ठेवलेला हा फरक मला फार उपयोगाचा वाटतो आणि या लेखात मी तो मुद्दाम पाळते आहे. शास्त्रात इस्राएल हे आधी याकोबाचं नाव आहे, देवदूताशी झुंजून लंगडत निघालेल्या माणसाचं. मग ते बारा वंशांचं नाव होतं. मग राज्य फुटल्यावर फक्त उत्तरेकडच्या राज्याचं, जे ख्रिस्तपूर्व ७२२च्या सुमारास अश्शूरने बुडवलं. त्यानंतर विखुरलेल्या, देवाची वाट पाहणाऱ्या लोकांचं. वर्तमानपत्रातलं इस्रायल १४ मे १९४८ रोजी जाहीर झालं, त्याला संसद आहे, निवडणुका आहेत, आघाडी सरकारं आहेत, आणि त्याचे पंतप्रधान तिथल्याच यहूदी मतदारांच्या शिव्या खातात. व्यासपीठावरून एका दमात हे सगळे अर्थ एकच म्हणून वापरले जातात तेव्हा ऐकणाऱ्याला वाटतं आपण शास्त्र ऐकतो आहोत.

तरीही झेंडा लावणाऱ्यांचा सर्वांत भक्कम मुद्दा आहे, आणि तो मला टाळता येत नाही. उत्पत्तीच्या पंधराव्या अध्यायात देव अब्राहामाशी करार करतो. कापलेल्या पशूंच्या दोन ओळी मांडलेल्या आहेत. त्या काळच्या रीतीप्रमाणे करार करणारे त्या ओळींमधून चालत जायचे. पण अब्राहाम गाढ झोपला आहे. धुमसणारी भट्टी आणि जळती मशाल तेवढी त्या तुकड्यांमधून जाते. म्हणजे बांधून घेतलं ते एकट्या देवाने. यिर्मया संदेष्टा तर म्हणतो की सूर्य-चंद्राचे नियम ढळतील तेव्हाच इस्राएलचा वंश राष्ट्र म्हणून नाहीसा होईल. आणि पौल, ज्याच्या पत्रांवर आपण प्रोटेस्टंट लोक उभे आहोत, रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायात स्वतःच विचारतो, देवाने आपल्या लोकांना टाकून दिलं काय, आणि स्वतःच म्हणतो, कधीच नाही. देवाची कृपादानं आणि पाचारण अपरिवर्तनीय आहेत. हे वाक्य खोटं ठरवलं तर आपल्याला दिलेल्या शब्दाचं काय? जो देव अब्राहामाच्या नातवंडांना दिलेला शब्द फिरवतो, तो नेरुळच्या एका बाईला दिलेला का पाळील?

आणि ही गोष्ट ठाणेकरांना पुस्तकातून शिकायची गरज नाही. टेंभी नाक्याजवळ, सिव्हिल हॉस्पिटलसमोर, १८७९ सालचं ‘शआर हाशामाईम’ हे सिनेगॉग, म्हणजे यहूद्यांचं प्रार्थनामंदिर, उभं आहे. स्वर्गाचं दार, असा त्या नावाचा अर्थ. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, अशी बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी यहूद्यांची, आख्यायिका. ग्रंथ हरवले, हिब्रू भाषा गेली, कोकणात तेलाचे घाणे चालवू लागले, पेणकर, नवगावकर, किहीमकर अशी आडनावं पडली. पण शनिवारी घाणा बंद. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणायचं. सुंता, शब्बाथ, खाण्यापिण्याचे निर्बंध आणि ‘शेमा इस्राएल’ ही एक प्रार्थना, एवढ्या शिदोरीवर ते शतकानुशतकं यहूदी राहिले. ‘यहूद्यांचं आता काही उरलेलं नाही’ म्हणणाऱ्या माझ्या मित्राने एकदा टेंभी नाक्यावर रिक्षा थांबवून आत डोकावावं.

लहानपणी आमच्या चाळीत एक बेने इस्रायली मावशी राहायच्या. त्यांच्याकडे काही शुभ असलं की मलिदा यायचा: भिजवलेले पोहे, खवलेला नारळ, गूळ, वेलदोडा, वर खजूर आणि केळ्याच्या चकत्या. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे आपल्या एलीया संदेष्ट्याच्या नावाने. आई ताट रिकामं परत पाठवायची नाही, नाताळच्या करंज्या जायच्या. मावशींची मुलं पुढे तिकडे दिमोनाला स्थायिक झाली, मावशी मात्र इथेच राहिल्या. सभेतल्या शोफारची गोष्ट मी त्यांना फोनवर सांगितली तर त्यांनी विचारलं, ‘‘का गं, तुमच्यात रोज वाजवतात? आमच्याकडे त्याचे दिवस ठरलेले असतात. नव्याचा सण झाला की तो जाग्यावर.’’ या विषयावर ठाण्यात मी ऐकलेली ही एकमेव यहूदी प्रतिक्रिया. तीन दिवसांच्या व्हॉट्सॲप महायुद्धात कोणाला शेजारच्या यहूद्याला विचारावंसं वाटलं नाही.

त्यांना विचारलं असतं तर एक अडचणीची गोष्ट कळली असती. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या कचेरीने बेने इस्रायलींच्या लग्नांआधी त्यांच्या पूर्वजांची चौकशी करायला लावली. हे लोक अस्सल यहूदी कशावरून, असा संशय. कोकणातून मोठ्या आशेने गेलेली मराठी माणसं तिथल्या रस्त्यावर निदर्शनाला बसली. अखेर १९६४ साली क्नेसेटला, म्हणजे तिथल्या संसदेला, ठराव करून सांगावं लागलं की बेने इस्रायली सर्वार्थाने यहूदी आहेत. म्हणजे इस्राएल कोण, हा प्रश्न खुद्द इस्रायलला इतका जड गेला, आणि आमच्या व्यासपीठावर तो चाळीस मिनिटांत सुटतो!

आता मूळ मुद्दा. अभिवचन कायम आहे हे मी मान्य केलं. त्यातून राष्ट्राच्या हद्दी आणि रणगाडे कसे निघतात? सातबाराच म्हणायचं असेल तर तो नीट वाचू. लेवीय पंचविसाव्या अध्यायात देव सांगतो: जमीन कायमची विकू नका, कारण जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परदेशीय आणि उपरी आहात. मराठी वाचकाला ‘उपरी’ शब्दावर थांबायला हवं. आपल्या जुन्या जमीनव्यवहारात मिरासदार वेगळा आणि उपरी वेगळा. मिरासदाराचा वंशपरंपरागत हक्क, उपरी दुसऱ्याची जमीन कसणारा. देव इस्राएलला मिरासदार म्हणत नाही, उपरी म्हणतो. आजच्या भाषेत हा भोगवटादार वर्ग दोनचा उतारा आहे, ज्याला मालकाच्या परवानगीशिवाय हस्तांतर नाही आणि शर्तभंग झाला तर जमीन परत. नवी मुंबईत राहणाऱ्यांना हे समजवावं लागू नये. आमच्या सोसायटीचा मूळ करार सिडकोशी साठ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा; फ्लॅट आमचा, खालची जमीन आमची नाही, हे पहिल्याच सभेत सेक्रेटरींनी ऐकवलं होतं. अनुवाद या पुस्तकाचा अठ्ठाविसावा अध्याय शर्तींची यादी देतो, आणि लेवीय अठरा म्हणतो की शर्ती मोडल्या तर ही भूमी आधीच्यांसारखी तुम्हालाही ओकून टाकील.

यावर उत्तर येतं: शर्त मोडली तर तात्पुरतं निष्कासन, हक्क कायम. देव परत आणतो, १९४८ हा त्याचाच पुरावा. शतकानुशतकं हाकललेले, शेवटी लाखोंच्या संख्येने मारलेले लोक पुन्हा एकत्र आले, यात देवाचा हात दिसणाऱ्याला मी हसणार नाही. पण पहिलं परत येणं आठवा. पारसचा राजा कोरेश याच्या फर्मानाने ख्रिस्तपूर्व ५३८च्या सुमारास लोक बाबेलहून परतले. राजा नाही, स्वतंत्र सैन्य नाही, पारसी साम्राज्याचा एक छोटा प्रांत, नहेम्या हा बादशहाने नेमलेला सुभेदार. तरी शास्त्र याला अभिवचनाची पूर्ती म्हणतं. म्हणजे देवाने शब्द पाळला असं म्हणायला सार्वभौम राज्य लागतंच असं नाही. आणि त्याच परतीचं स्वप्न पाहणारा यहेज्केल संदेष्टा सत्तेचाळिसाव्या अध्यायात जमिनीची वाटणी कशी करा म्हणतो? तुमच्यामध्ये राहणाऱ्या, तुमच्यात ज्यांना मुलंबाळं झाली अशा परक्यांनाही चिठ्ठ्या टाकून वतन द्या. ज्या वंशात तो राहतो तिथेच त्याचा वाटा. ‘इतर हक्क’च्या रकान्यात नव्हे, कब्जेदार सदरी! सुकी हाडं जिवंत होतात त्या खोऱ्याचा, त्याचाच सदतिसावा अध्याय आमच्या सभांतून मी निदान दहादा ऐकला असेन. सत्तेचाळिसावा एकदाही नाही.

अब्राहामाने स्वतः काय केलं? सारा वारली तेव्हा सगळा देश वचनाने त्याचा होता. तो हित्ती लोकांपुढे वाकून म्हणाला, मी तुमच्यात परदेशीय आणि उपरी आहे, मला पुरायला जागा द्या. एफ्रोनाने आधी फुकट देण्याचा आव आणला, मग सहज जाता जाता चारशे शेकेल हा आकडा सांगितला (जमिनीचे दलाल आजही असंच बोलतात), आणि अब्राहामाने घासाघीस न करता चांदी तोलून दिली. मकपेलाची गुहा विकत घेतली. ती हेब्रोनला आहे, आणि आज त्याच हेब्रोनमध्ये बंदुकीच्या पहाऱ्यात प्रार्थना होतात.

मग तो शाप? ‘तुझे जे अनिष्ट चिंतितील...’ हे वचन सरकारच्या धोरणावरची टीका बंद करायला वापरायचं असेल तर पहिला शाप आमोस संदेष्ट्याला लागायला हवा. तो बेथेलात उभा राहून इस्राएलच्या राजाविरुद्ध बोलला, तेव्हा अमस्या याजकाने त्याला ऐकवलं: तुझ्या यहूदा देशात जा, तिथे भाकर खा, इथे बोलू नकोस, हे राजाचं पवित्रस्थान आहे. यिर्मयाला तर सैन्याचे हात ढिले करतो असा ठपका ठेवून चिखलाच्या हौदात सोडलं होतं. देशद्रोही हा शब्द नवा असेल, आरोप जुना आहे. आणि ‘पृथ्वीवरील सर्व कुळे आशीर्वादित होतील’ हा त्या वचनाचा शेवट पाहुण्या पाळकांनी का गाळला? सगळं वाक्य ज्या दिशेने चाललंय ते टोकच कापलं. त्या सर्व कुळांत पॅलेस्टिनी कूळ येत नाही का? त्यात ख्रिस्ती कुळंही आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ला गाझातल्या संत पोर्फिरियस या प्राचीन चर्चच्या आवारातली इमारत हवाई हल्ल्यात कोसळली आणि आत आसऱ्याला आलेले विश्वासी मेले. त्याआधी बाराच दिवस, ७ ऑक्टोबरला, हमासने सुमारे बाराशे माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली, त्यात म्हातारी माणसं आणि लेकरं होती. ते क्रौर्य होतं, आणि ते क्रौर्य म्हणायला मला कुठल्याही शास्त्रवचनाचा आधार लागत नाही. आमच्या सभेत ओलिसांसाठी प्रार्थना झाली, ती व्हायलाच हवी होती. पोर्फिरियसच्या मेलेल्यांचा उल्लेखसुद्धा झाला नाही.

जाता जाता एवढंच की हा ‘साधा, सरळ, शब्दशः अर्थ’ समजतात तितका जुना नाही. इतिहासाचे काळखंड पाडून मंडळीसाठी एक योजना आणि इस्राएलसाठी दुसरी, ही मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी घडवली आणि १९०९च्या स्कोफिल्ड बायबलच्या तळटीपांतून ती घरोघर गेली. नवं म्हणजे खोटं असं नाही, नाहीतर ल्यूथरलाही बाद करावं लागेल. पण तळटीप आणि वचन यांतला फरक तरी राहू द्या. १९४८ अधिक एक पिढी, म्हणजे चाळीस वर्षं, असा हिशोब मांडून शेवटच्या काळासाठी १९८८ची वाट पाहणारे लोक मी स्वतः पाहिले आहेत. १९८९ उजाडल्यावर त्यांनी पिढीची लांबी वाढवली.

आता फेरफारवाल्यांकडे वळते, कारण माझ्या वर्तुळात तेच जास्त आहेत आणि स्वतःला शहाणे समजतात. त्यांचंही बळ मान्य. गलतीकरांस पत्रात पौल म्हणतो की वचन अब्राहामाला आणि त्याच्या ‘संतानाला’ दिलं, ते संतान ख्रिस्त. आणि जे ख्रिस्ताचे ते अब्राहामाचे वारस. इफिसकरांस पत्रात मधली भिंत पाडली आहे. जन्माने ठरणारं श्रेष्ठत्व सोडून ज्यांचे आजे-पणजे ख्रिस्ताकडे आले, त्या अहमदनगर-जालन्याकडच्या आपल्या घरांना हे वाक्य किती मोलाचं आहे हे मला सांगायला नको. कोणी पुन्हा रक्तावरून निवड सांगू लागला की आपल्या अंगावर काटा येतो, आणि तो यावा. पण मोशेने निवडीचा अर्थ काय सांगितला होता? तुम्ही सगळ्या लोकांत संख्येने कमी होतात. आमोस तर म्हणतो, पृथ्वीवरच्या कुळांतून तुम्हालाच मी ओळखलं, म्हणून तुमच्या पापांचा झाडा तुमच्याकडूनच घेईन. हे वरच्या पाटावर बसवणं नव्हे.

शिवाय ‘त्यांचं नाव कमी झालं’ या शिकवणीचा इतिहास आहे, आणि तो रक्ताने लिहिलेला आहे. दुसऱ्या शतकात हुतात्मा जस्टिनने खरे इस्राएल आम्हीच असं मांडलं. ३८६-८७ साली अंत्युखियात योहान ख्रिसोस्तोमने आठ प्रवचनं झोडली. राग कशाचा, तर त्याच्या मंडळीतले ख्रिस्ती लोक सणासुदीला आवडीने सिनेगॉगमध्ये जातात याचा. (मलिद्याच्या ताटामुळे आमचीही धडगत नव्हती.) ल्यूथरने १५२३ साली येशू यहूदी म्हणून जन्मला याची प्रेमाने आठवण दिली, ते धर्मांतरित होईनात तेव्हा १५४३ साली त्यांची सिनेगॉगं जाळा, घरं पाडा असं लिहिलं. चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण हौसेने वापरलं. तिरस्काराची शिकवण एका दिवसात छावण्यांपर्यंत गेली नाही, पण तिने रस्ता साफ करून ठेवला होता. कॅथलिक चर्चला याची किंमत कळली आणि २८ ऑक्टोबर १९६५ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मरणाचा दोष सरसकट यहूद्यांवर टाकता येणार नाही, आणि पूर्वजांमुळे ते देवाला अजूनही प्रिय आहेत. आम्ही प्रोटेस्टंट मराठी मंडळी मात्र अजून ‘यहूदी म्हणजे परूशी, परूशी म्हणजे ढोंगी’ असंच रविवारच्या शाळेत शिकवतो.

पौलाने जी उपमा दिली ती कोकणपट्टीतल्या माणसाला तरी कळायला हवी. आपण कलम कसं बांधतो? खुंट रायवळ आंब्याचा, वर फांदी हापूसची. रानटी मूळ, उंची फळ. पौल रोमकरांना उलटं सांगतो: खुंट जातिवंत जैतुनाचा, आणि त्यावर बांधलेली फांदी रानटी जैतुनाची, म्हणजे तुम्ही. हे निसर्गाच्या उलट आहे असं तो स्वतःच म्हणतो. कुठला बागवान हापूसच्या खुंटावर रायवळ बांधील? तेव्हा फुशारकी मारू नकोस, तू मुळाला उचलून धरलेलं नाहीस, मूळ तुला उचलून धरतं. या वाक्यापुढे फेरफाराची नोंद टिकत नाही. कलम नीट धरलं म्हणून खुंट कोणी उपटत नाही, उपटला तर आधी फांदी वाळते.

याचा एक मराठी दाखला आहे. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली बेने इस्रायलींसाठी मराठीतून हिब्रू व्याकरण लिहिलं. मिशनच्या शाळांत त्यांची मुलं जुना करार वाचायला शिकली. हेतू उघड होता. झालं काय, तर ती माणसं ते पुस्तक घेऊन अधिक पक्की यहूदी झाली. १८७४ साली पुण्यात वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची पोथी, हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि तिच्यात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगड्यात आहेत. मिशनऱ्यांना हे अपयश वाटलं असेल. मला ते रोमकरांस पत्राच्या अकराव्या अध्यायाचं कोकणातलं भाष्य वाटतं. पंडिता रमाबाईंनी बायबल मराठीत आणायचं म्हणून उतारवयात केडगावात बसून हिब्रू आणि ग्रीक शिकून घेतलं. आपण निदान मराठीतला पूर्ण अध्याय तरी वाचायला हरकत नाही.

पुढच्या महिन्यात आमच्याकडे ‘इस्राएल आणि शेवटचा काळ’ या विषयावर तीन संध्याकाळची सभा ठरली आहे. झेंड्याची जबाबदारी तरुण संघाकडे आहे. पहिल्या संध्याकाळचं शास्त्रवाचन माझ्याकडे आलं, तेव्हा मी पाळकसाहेबांना कागदावर लिहून दिलं: यहेज्केल ४७, ओव्या २१ ते २३. त्यांनी चष्मा वर करून कागद बघितला, म्हणाले, ‘‘सदतीस म्हणायचंय का ताई तुम्हाला?’’ मी म्हटलं, सत्तेचाळीस. त्यांनी कागद खिशात ठेवला.